पोटावरच्या खुणा

“पोटावर या खुणा कशाच्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“पित्ताचे खडे काढलेत,” कांताबाई म्हणाल्या. लेकीच्या पलंगापलीकडे तिची सासू झुंबरबाई उभी होती, म्हणून त्यांनी हे जरा मोठ्यानंच सांगितलं.

खडे कधी नव्हतेच. शिवकन्या लग्नाआधी चांगली जाड होती. अंबडपासून जालन्यापर्यंतची स्थळं यायची, पोह्यांच्या बशा रिकाम्या करायची आणि मुलगी अंगानं जरा जास्तच आहे असा निरोप धाडायची. बघायला येणारे स्वतः काही काटक नसायचे, पण ते मुलाकडचे. शेवटी कांताबाईंनी लेकीला पुण्याला नेऊन जठर लहान करायचं ऑपरेशन करून आणलं आणि गावात खड्यांचं सांगितलं. शिवकन्या झपाट्यानं वाळली. थोड्याच महिन्यांत झुंबरबाईंकडून आपणहून मागणी आली. लेकीला आता कुणीतरी बाजारात बघितलं असेल, असं कांताबाईंनी धरलं. ऑपरेशन फळाला आलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी शिवकन्येच्या बॅगेतून जन्मभर घ्यायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या काढून घेतल्या. नव्या नवरीजवळ गोळ्या सापडल्या की लोक काहीही बोलतात. तिथं ऑपरेशनचं नाव काढायचं नाही, असं तिला बजावलं.

सासरी ताटात वाढलेलं टाकता येईना आणि पोटात राहीना. उलट्या सुरू झाल्या. झुंबरबाईंना वाटलं सुनेला दिवस गेले, म्हणून त्या कौतुकानं आणखी वाढत राहिल्या. मग शिवकन्येचे पाय लटपटू लागले, एकाचे दोन दिसू लागले. आता ती नवऱ्यालाही ओळखत नव्हती.

बोलावं तर लेक कायमची माहेरी येणार, न बोलावं तर लेकच जाणार. नवरा, रामकिसन, चमच्यानं तिच्या ओठांना पाणी लावत बसला होता. ते बघून कांताबाईंना राहवेना. त्यांनी डॉक्टरांना दाराबाहेर गाठून खरं काय ते सांगितलं.

उलट्यांनी अंगातलं जीवनसत्त्व संपलं आणि त्याचा मेंदूवर परिणाम झाला, असं डॉक्टर म्हणाले. सुरुवातीलाच कळतं तर साध्या इंजेक्शनांनी भागलं असतं. आता जीव वाचेल, पण ओळख परत येईल याची आशा धरू नका.

कांताबाई आत आल्या आणि त्यांनी झुंबरबाईंचे पाय धरले.

“आम्ही फसवलं तुम्हाला, विहीणबाई. पोरगी आधी अशी नव्हती, लई जाड होती. कुणी पसंत करावी म्हणून पोट कापून आणलं तिचं.”

झुंबरबाईंनी त्यांना उठवून जवळ बसवलं. त्यांना स्वतःलाच रडू आवरत नव्हतं.

“जाड होती ते मालूम हाय मला. तुमच्या गावच्या तातेरावाच्या पोरीच्या लग्नात पंगत वाढताना पाह्यली आम्ही तिला. भरल्या अंगाची, हसरी. रामकिसन तवाच म्हणला, करीन तर हिलाच. आमच्या थोरल्या पोरीचं लग्न व्हायचं होतं म्हणून थांबलो. सुपारीला आलो तर पोरगी पार वाळून गेल्ती. मोठी बिमारी झाली आसंल, तुम्हाला वाईट वाटंल, म्हणून इचारलं न्हाई. मंग म्हणलं, जल्दी लग्न करू, घरी आणू, आन् खाऊ घालून पहिल्यासारखी करू.”