पाय दाखव

"काका, आरोपीत तुमचं नाव कुठंच नाही," राखी म्हणाली.

ज्ञानेश्वरचा जीव भांड्यात पडला. त्याच्या गावाजवळच्या चिखलीत, बसस्टँडसमोर, राखीचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. कोर्टाच्या वेबसाइटवर ती कोणाचीही केस काढून देते, असं त्याला जीपवाल्यानं सांगितलं होतं. तो सुरतेला एका कंपनीत वॉचमन होता, अन् नवा ठेकेदार पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागत होता. दाखला मागायला जायचं, तर आपल्या नावावर आधी काय लागलंय ते कळायला नको? चौदा वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात त्यानं थोरल्या भावाचा, पंजाबचा, हात काठीनं मोडला होता. त्याच रात्री तो गाव सोडून पळाला. पोलीस दारात टपून असतील, म्हणून घरी कधी फोन केला नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

अन् दादानं केसच केली नव्हती. तोंडाचा फाटका माणूस, पण सख्ख्या भावाला त्यानं पोलिसांत दिलं नाही. ज्ञानेश्वरला भरून आलं.

"थांबा जरा," राखी म्हणाली. "नुसतं सुरुशे आडनाव अन् गाव टाकलं, तर एक केस निघून राह्यली. पंजाब सुरुशे. तुमचे कोण?"

"दादा माहा."

ती मनातल्या मनात वाचत गेली. मग तिनं खुर्ची मागं सरकवली. जरा जास्तच मागं.

"तुमचंही नाव हाये याच्यात, काका. मयत म्हणून."

निकाल मराठीत होता. त्यानं तो स्वतः वाचला. शेतात रानडुकरं हाकायला बांधलेला लाकडाचा माळा रात्रीतून पेटला. त्यावर राखणीला झोपलेला ज्ञानेश्वर सुरुशे जळून मेला. तोंड ओळखू येत नव्हतं. आईनं, झुंबरबाईनं, गोधडीच्या उरलेल्या तुकड्यावरून ओळख पटवली; टाके तिनंच घातले होते. त्याच संध्याकाळी दोघा भावांचं भांडण अख्ख्या गावानं पाहिलेलं. पंजाब शेवटपर्यंत म्हणत राहिला, मी नाही, बिडीनं पेटला असेल. कोर्टाला ते पटलं नाही. जन्मठेप.

ज्ञानेश्वरला तो माणूस डोळ्यांपुढं दिसला. त्या रात्री आपण पळायच्या बेतात असताना अंधारातून माळ्याखाली आलेला, थंडीनं काकडलेला, कानाला बिडी लावलेला. "रातभर टेकू द्याल काय, भाऊ?" म्हणाला. ज्ञानेश्वरला घाई होती. त्यानं आपली गोधडी त्याच्या अंगावर टाकली. "झोप वरतं. मी जाऊन राह्यलो." नाव विचारायचं राहून गेलं.

म्हणजे बिडीच ती. परक्या माणसाच्या बिडीनं माळा पेटला अन् भाऊ इतकी वर्षं जेलात सडला, आपल्यापायी. एक फोन केला असता तर सुटला असता. त्याला स्वतःची शिसारी आली.

उन्हं कलताना तो गावात शिरला. पारावरची माणसं बोलता बोलता गप्प झाली. कोणी हाक मारली नाही, कोणी रामराम केला नाही. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिच्यामागं भिंतीवर त्याचाच फोटो, हार घातलेला. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. आधी पाय पाहिले. बोटं पुढं, टाचा मागं. मग सावली पाहिली. सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री झाल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तुया पिंडाले कावळा शिवलाच नाही, बापा," ती म्हणाली. "दुपार टळली, तरी नाही. मंग दर्भाचा कावळा करून शिववला." अन् तिनं त्याचे पाय धरून हंबरडा फोडला.

"मी दादाले सोडवतो, माय."

"सोडव रे. माह्या तोंडानं म्या त्याले आत धाडलं. त्यानं नाही जाळलं, नाही जाळलं म्हणे, अन् म्या आयकलं नाही. मले आता मराले तरी मोकळी कर."

अमरावतीच्या जेलात मुलाखतीला मधे काच असते. दोन्हीकडून फोन उचलून बोलायचं. पंजाब आला. डोकं पांढरं झालेलं, उजवा हात कोपरात वाकडा. काचेपलीकडं कोण बसलंय ते पाहून तो जागीच थिजला. हसला नाही, रडला नाही. त्यानं फोन उचलला.

"पाय दाखव," तो म्हणाला.

ज्ञानेश्वर उठून मागं सरला. चप्पल काढून त्यानं एक पाय वर धरला, मग दुसरा. रडता रडता त्याला हसू आलं.

"मी जित्ता हाओ, दादा. वकील पाह्यला म्या. जळाला थो मी नव्हतो, हे कोर्टाले सांगतो. तू सुटशीन. तू काहीच केलं नाही."

पंजाब हळूहळू स्टुलावर बसला. तो आता ज्ञानेश्वरकडं पाहत नव्हता. त्याच्या खांद्यामागं, जिथं कोणीच उभं नव्हतं, तिथं पाहत होता.

"मंग म्या जाळला," त्यानं विचारलं, "थो कोण व्हता बे?"