टपालाने आलेलं मत

अल-खोबरच्या अमेरिकन छावणीत इब्राहीम सैनिकांचे कपडे धुवायचा. आखाती युद्ध तोंडावर आलं होतं, तरी एका सैनिकाला टपालाने थेट मतपत्रिका आली. त्याच्या मतदारसंघाचा स्टेट सिनेटर, म्हणजे आपल्याकडचा आमदारच की, निवडायला! पठ्ठ्याने तिथेच वाळूत बसून खूण केली.

इब्राहीमचा नुसता जळफळाट झाला. गावच्या आमदाराने जेटी होऊ दिली नाही, म्हणून होडी विकून तो सौदीला आला होता. त्या माणसाला पाडायची संधी तीन निवडणुकांत हुकली होती. त्याने बायकोला पत्रात सगळं लिहिलं.

शरफुन्निसाचं उत्तर आलं, "कशाला जीव जाळता? तुमचं मत एकदाही वाया गेलेलं नाही. तुमचे धाकटे भाऊ तुमच्या नावाने दर वेळी देऊन येतात.


त्याच आमदाराला."