उपदेश करणारा ड्रॅगन

"हे कार्ड मला कशाला दाखवताय?" लेखक इसोगाई सेन्सेईंनी विचारलं.

"मुलांची कार्डं मी लेखकांपासून लपवत नाही," संपादक निशिवाकीबाई म्हणाल्या.

त्यांच्या प्रकाशनाच्या प्रत्येक पुस्तकात वाचकांना मत लिहून पाठवण्यासाठी एक छापील कार्ड असे. या कार्डावर पुस्तकाच्या नावापुढे नुसतं 'ड्रॅगन, दुसरा भाग' लिहिलं होतं. खाली: 'कंटाळा आला. ड्रॅगन आता सारखा उपदेश करतो. चिनात्सु, वय नऊ, तोयामा.'

"तो उत्सुमीही तुमच्याकडेच ड्रॅगनच्या गोष्टी लिहितो. त्याला येतात का असली कार्डं?"

"अजून तरी नाही."

"पोरीला काय कळतंय!" असं म्हणत सेन्सेईंनी घरी जाऊन आपला दुसरा भाग उघडला. तिसऱ्या पानावर उपदेश. नवव्या पानावर उपदेश. बाराव्या पानावर ड्रॅगन दात घासण्याचं महत्त्व सांगत होता.

तिसरा भाग लिहून तयार होता. त्यात उपदेश करणारे ड्रॅगन दोन होते.

रविवारी कार्डामागचा पत्ता आणि केकचं खोकं घेऊन ते तोयामाच्या गाडीत बसले. आजूबाजूला बरेच जण वाचत होते, पण पुस्तकांना दुकानदारांनी घालून दिलेली तपकिरी कागदी कव्हरं. कोण काय वाचतंय, पत्ता लागेना. समोरच्या बाई खुदकन हसल्या. आपलंच पुस्तक असणार, असं सेन्सेईंनी ठरवून टाकलं.

"मी ड्रॅगनच्या गोष्टी लिहितो," त्यांनी दारात सांगितलं.

"अगं चिनात्सु, ड्रॅगनवाले सेन्सेई आलेत!" आईची धांदल उडाली.

चिनात्सुने आधी केककडे पाहिलं, मग पाहुण्याकडे. "आजोबा, दुसरा भाग लिहिताना तुम्ही आजारी होता का?"

"चिनात्सु!"

"बोलू द्या तिला. बरं, ड्रॅगन कसा हवा तुला?"

"आधी होता तसा. तांदळाची गोड मोची चोरून खाणारा. पकडला गेला की मेल्याचं सोंग घेणारा."

आपल्या ड्रॅगनने मोची कधी चोरली, हे सेन्सेईंना आठवेना. पहिला भाग लिहून सहा वर्षं झाली होती. त्यांनी निमूटपणे वहीत टिपून घेतलं.

"तिसऱ्या भागात उपदेश असला तर मी वाचणारच नाही."

"तो लिहून झालाय गं. पण फाडतो. सगळा नव्याने लिहितो."

"नक्की? मग वचनाची करंगळी द्या."

करंगळीत करंगळी अडकली. सेन्सेईंना एकदम दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं.

"आता सही!" चिनात्सु आतून पुस्तक घेऊन आली. तपकिरी कव्हरातलं.

"फार मळवते हो, म्हणून मी कव्हर काढूच देत नाही," आई म्हणाली.

सेन्सेईंनी पेनाचं टोपण काढलं आणि पहिलं पान उघडलं. ठळक अक्षरांत लेखकाचं नाव छापलेलं होतं: उत्सुमी.

"काय झालं?" चिनात्सुने विचारलं. "नीट लिहा हं."

"हो हो, नीटच लिहितो," सेन्सेई म्हणाले, आणि अगदी वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं: 'चिनात्सुला सप्रेम. दुसऱ्या भागाबद्दल हात जोडून माफी मागतो. तुझा, उत्सुमी.'