फिलेमोनकाकांचं पाचारण

"देवाने मोशेला चाळीस वर्षं मेंढरं राखायला लावून तयार केलं. तुम्हालाही तो कशासाठी तरी तयार करतोय," पाळकसाहेब दर रविवारी चर्चमध्ये सांगत. ते स्वतः पूर्वी एसटीचे ड्रायव्हर. पाचारण झालं आणि त्यांनी नोकरी सोडली. पनवेल-उरण गाडीवर सोळा वर्षं त्यांचे कंडक्टर असलेले फिलेमोनकाका मात्र रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी देवाच्या हाकेची वाट बघत मागच्या बाकावर बसून होते.

त्या रविवारी उपदेश सुरू होऊन सव्वा तास झाला, तरी मोशे मेंढरंच राखत होता. लहान पोरं रडायला लागली.

"अहो, यांना आता कोण थांबवणार?" काकू कुजबुजल्या.

काका उठले, दाराशी गेले आणि चर्चच्या घंटेची दोरी एकदाच ओढली.

टण.

पाळकसाहेबांचा उजवा पाय ब्रेकवर पडावा तसा दाबला गेला. वाक्य अर्ध्यातच थांबलं. "आपण प्रार्थना करू," ते म्हणाले.

नंतर दारात त्यांनी काकांचा हात घट्ट धरला.

"फिलेमोन, कुठे थांबायचं ते मला कायम तूच सांगायचास. इतके रविवार गप्प का बसलास?"