मान वर ठेव

"मान वर," वासुदेवराव मास्तर म्हणाले. "हाताकडे पाहू नको. माह्याकडे पाह्य."

विमलने मान वर केली आणि बोट भलत्याच पट्टीवर पडलं.

पुलगाव स्टेशनजवळच्या जुन्या क्लबात तो पियानो होता, कुणा गोऱ्या साहेबाने जाताना टाकून दिलेला. गावात पियानो जाणणारे एकटे मास्तरच. तेही हल्ली फक्त शिकवायचे, स्वतः वाजवत नसत. विमल एकोणीस वर्षांची होती. नागपूरच्या एका शाळेला पियानो वाजवणारी बाई हवी होती, आणि चौऱ्याहत्तर सालात पुलगावच्या मुलीला अशी नोकरी म्हणजे दारात चालून आलेली लक्ष्मी. पण तिथे पोरांवर नजर ठेवून वाजवावं लागणार होतं. हात बघत बसली तर पोरं वर्ग डोक्यावर घेणार.

मास्तरांची रीत ठरलेली होती. पियानोच्या लाकडावर तळवा टेकवून समोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "सूर तोंडानं म्हण, आन् वाजवून दाखव." चुकली की तिथल्या तिथे थांबवायचे. बरं वाजलं तरी कौतुकाचा शब्द नाही. माणूसच कोरडा. रस्त्यात मागून कुणी रामराम घातला तर वळूनसुद्धा पाहत नसत. मास्तरांना गुर्मी आहे, असं गाव म्हणायचं.

दोन महिन्यांत विमलची बोटं वाटेला लागली. गप्पा मारता मारता आईच्या हातची पोळी आपसूक गोल व्हायची, तसं तिचं वाजवणं झालं. नजर मोकळी झाली. आणि ती मोकळी झाली तेव्हाच तिच्या ध्यानात आलं, की मास्तर सारा वेळ तिच्या तोंडाकडे टक लावून असतात.

तिला अवघडल्यासारखं झालं. तिने मान खाली घातली.

"मान वर," मास्तर जरा जोरातच म्हणाले. "मले दिसलं पायजे."

घरी येऊन ती आईला म्हणाली, "मास्तर माह्या तोंडाकडंच पाहून राह्यतात."

"काऊन?" आनंदाबाईने विचारलं.

"मले काय मालूम."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आईने ते बापाच्या कानावर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी चंद्रभान चार माणसं घेऊन क्लबात हजर झाला. विमल मागे उभी होती.

"तरण्या पोरीच्या तोंडाकडं काय पाह्यता तुमी?"

मास्तरांनी चंद्रभानकडे पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडे. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "चुकलं माह्यं." क्लबाच्या किल्ल्या टेबलावर ठेवून ते निघून गेले. पुन्हा तिथे आले नाहीत, आणि त्यांच्याकडे मुलगी शिकायला पाठवायची कुणाची छाती झाली नाही.

स्वतःच कबूल झाला म्हणजे पाणी मुरत होतं, असं गावाने धरलं. विमलला ते धरता येईना. त्या माणसाने कधी तिला बोट लावलं नव्हतं, वावगा शब्द काढला नव्हता. नोकरी तिला मिळाली, तीही त्यांनी शिकवलं त्याच्या जोरावर.

निघायच्या दिवशी ती मास्तरांच्या घरी गेली. ते अंगणात बाजेवर बसले होते. तिने त्यांचे पाय धरले, कपाळ पायांवर टेकवलं आणि रडत रडत मनातलं सारं ओतलं. "मास्तर, तुमची काईच चूक नव्हती. मी नाई ते बोलून बसली. मले माफ करा."

ती उठली. वर बघायची हिंमत नव्हती. पदर तोंडाशी धरून तशीच उभी राहिली.

मास्तरांनी विचारलं, "काई बोलायचं हाये का तुले?"

एवढं सगळं बोलल्यावर हे. तिची माफी त्यांनी मोजलीच नव्हती. ती वळली आणि स्टेशनची वाट धरली.

बारा वर्षं ती नागपुरात पोरांकडे बघत पियानो वाजवत राहिली. हात चुकले नाहीत, पण वाजवायला बसली की अंगणातला तो प्रश्न हटकून आठवायचा. दोनदा पत्र लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं. ज्यांनी समोर ऐकून घेतलं नाही, ते कागदावरचं काय मनावर घेणार?

मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा ती पुलगावला आली. त्यांच्या बायकोने, रुख्माबाईने, तिला ओळखलं, आत घेतलं, चहा ठेवला.

"लई याद करत तुही," रुख्माबाई म्हणाली. "म्हणत, पोरगी काई सांगाले आलती, पण सांगितल्याबिगरच गेली."

"सांगितलं होतं, काकू. पाय धरून सांगितलं. माफी मागितली."

रुख्माबाई तिच्याकडे बघत राहिली. चहा उतू जाऊ लागला तरी तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पायावर डोकं ठेवून बोलली असशील, माय," ती म्हणाली. "तोंड दिसल्याबिगर त्यायले समजत नसे. शिकवनी जाईन म्हून गावाले कधी कळू देलं नाई, पण त्यायचे दोन्ही कान तर तुह्या जन्माआधीच गेलते."