काचेसारखं स्वच्छ

"ऐका वहिनी, आता कसं काचेसारखं स्वच्छ वाजतंय," म्हणत आग्नेलने पेनड्राइव्ह स्पीकरला लावला.

पियानोवर निहार, ड्रम्सवर आग्नेल आणि डबल बासवर त्यांचा एक मित्र. तिघांच्या त्या जाझ मैफलीचं रेकॉर्डिंग एवढंच उरलं होतं. निहार गेला तेव्हा त्याची आणि ऋजुताची ईरा पाळण्यात होती. हा पेनड्राइव्हही एखाद्या दिवशी दगा देईल, या धास्तीने ऋजुतानेच त्यातलं रेकॉर्डिंग नीट जतन करून द्यायला तो आग्नेलकडे दिला होता.

पियानो सुरू झाला. खरंच, प्रत्येक सूर धुतल्यासारखा लख्ख होता. खालून बास संथ चालत होता, आग्नेलचे तारांचे ब्रश झांजेवर हलकेच फिरत होते. श्रोत्यांमधला खोकला, ग्लासांची किणकिण, सगळं नाहीसं झालं होतं.

"आणि वाजवताना निहार बेसूर गुणगुणायचा ना? तेही काढलं. त्याचं त्यालाच लाजल्यासारखं व्हायचं."

ऋजुताने झटकन विचारलं, "जुनं ठेवलंय ना पण?"

"त्याच्यावरच हे चढवलं. कशाला हवं ते?"

त्याचा चेहरा इतका फुलला होता, की ती एवढंच म्हणाली, "छान झालंय, भावोजी."

ईरा रोजच्यासारखी स्पीकरला कान लावून बसली होती. पियानो हळू झाला, तसं तिने बोट वर केलं. "आता बाबा."

नुसता पियानोच वाजत राहिला.

"आता बाबा," ती पुन्हा म्हणाली.

आग्नेलची मांडीवर ताल धरणारी बोटं थांबली.