सिस्टरांना ऐकायचं होतं

चढ सुरू झाला तशी रुग्णवाहिका पाहुण्याच्या मागे येऊन चिकटली.

"उतरा आणि सायकल हातात धरून चला," डॉक्टरबाईंनी खिडकीतून सांगितलं.

पाहुण्याने मान हलवली, गिअर बदलला आणि पुढे निघून गेला. वर पोचला तेव्हा साठ जणांत त्याचा चौथा नंबर होता. डॉक्टरबाईंनी मग त्याला सगळ्यांसमोर असं काही झापलं की ज्याचं नाव ते. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला की चुकलं, राहवलं नाही.

नावाने त्याला कोणी हाकच मारत नव्हतं. पहिल्या सकाळी या मोहिमेचे म्होरके ड्रिलमास्तर यांनी त्याला पुढे उभं करून सांगितलं होतं, की हे आपले खास पाहुणे, यांच्या छातीत सिस्टरांच्या मुलाचं हृदय आहे. झालं, तेव्हापासून तो पाहुणा. अवयवदानाच्या निधीसाठी तीन दिवस, तीनशे किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवट सिस्टरांच्या इस्पितळात करायचा, असा बेत होता. सिस्टरांनी तिथे तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती, त्यातली वीस हृदयाच्या वॉर्डात.

त्यांची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. सहा वर्षांपूर्वी एकुलता एक मुलगा अपघातात गेला आणि त्यांनी डोळे पुसून कागदावर सही केली. हृदय एका सुताराला बसलं. इस्पितळाच्या परवानगीने पत्रव्यवहार सुरू झाला. सुताराच्या पत्राखाली त्याच्या धाकट्या भावाच्याही चार ओळी असायच्या. पण भेट म्हणून कधी झाली नव्हती, आणि आता सिस्टर फार थकल्या होत्या. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'एकदा ऐकायचं आहे. मग माझं काही राहिलं नाही. तेवढ्यासाठीच थांबले आहे.'

ते पत्र पाहुण्याच्या खिशात होतं. प्रत्येक थांब्यावर तो ते काढायचा, वाचायचा आणि पुन्हा घडी घालून ठेवून द्यायचा.

डॉक्टरबाईंचा जीव मात्र तीनही दिवस टांगणीला. त्यांनी त्याच्या मनगटाला नाडी मोजायचा पट्टा बांधला, तर घामाने खाज येते म्हणून त्याने दुसऱ्याच थांब्यावर काढून टाकला. मग चहा पिताना बाईंनी सगळ्यांनाच समजावून सांगितलं. बसवलेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. आपल्याला कोणी दचकवलं तर छाती त्याच क्षणी उडते, पण त्या हृदयाचं तसं नसतं. चढ लागो की भीती वाटो, त्याला बातमी उशिरानेच पोचते. म्हणून या माणसाने दमादमाने घ्यायचं, आणि बाकीच्यांनी त्याला चेव आणायचा नाही.

"म्हणजे बायको अचानक ओरडली तरी याला ढिम्म फरक पडत नाही," ड्रिलमास्तर म्हणाले. "बाई, मलाही एक बसवा की तसलं."

सगळे खो खो हसले. पाहुणाही हसला, जरा उशिराने.

दुसऱ्या दिवशी खुद्द मास्तरांच्याच सायकलची चेन तुटली. पाहुण्याने बसल्या जागी पाच मिनिटांत जोडून दिली. मास्तरांना त्या सफाईचं भारी कौतुक वाटलं. रंधा मारणाऱ्या हाताला हे कसं जमतं, असं त्यांनी विचारलं. धाकट्याचं सायकलचं दुकान आहे, बघून बघून येतं, असं म्हणत पाहुण्याने हात पुसले.

तिसऱ्या सकाळी त्याचा धीर सुटला. इस्पितळ दहा किलोमीटरवर राहिलं असताना तो रस्त्याच्या कडेला थांबला आणि मी इथूनच परत जातो म्हणाला. एवढ्या लोकांसमोर छाती ऐकवणं त्याला नको होतं. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सिस्टर सकाळी सहापासून केस विंचरून खुर्चीत बसल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. पाहुण्याने खिशातलं पत्र चाचपून पाहिलं. मग सायकलवर बसला.

इस्पितळाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सिस्टर अगदी लहानखुऱ्या, खुर्चीत बसूनही जागा उरावी अशा. मांडीवर त्यांचा जुना स्टेथोस्कोप होता. पाहुणा त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि सदऱ्याचं एकच बटण काढलं.

"एवढं पुरे," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी नळ्या कानात घातल्या आणि डोळे मिटले. त्यांचा चेहरा शांत होता. पाहुणा समोरच्या भिंतीकडे बघत होता.

नळ्या कानातच ठेवून सिस्टरांनी डोळे उघडले.

"धाकट्याला का नाही आणलंत?"

पाहुण्याच्या छातीत धस्स झालं. त्याच क्षणी ती अशी धडधडायला लागली की त्याची त्यालाच ऐकू आली.

"त्याला… दुकान बंद ठेवता येत नाही."

सिस्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पुन्हा डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या, चांगला मिनिटभर. शेवटी त्यांनी नळ्या काढल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हो. माझ्याच मुलाचं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरबाई ओक्साबोक्शी रडल्या. ड्रिलमास्तर खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरत उभे राहिले. पाहुण्याला हायसं वाटलं. आता एकदा घर गाठलं की झालं, असं त्याच्या मनात आलं.

तो उठणार एवढ्यात सिस्टरांनी त्याला खुणेने थांबवलं. त्याच्या सदऱ्याचं बटण त्यांनी आपल्या हाताने लावलं, मग आणखी पुढे वाकून तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"तुझा दादा कधी गेला रे, बाळा?"